बाबागाडी आणि बाबाचा खांदा

लेकीला ताप होता म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. औषधाचा डोस वजनावर ठरतो त्यामुळे त्यांनी आधी तिला काट्यावर उभं केलं, १५ किलो २०० ग्रॅम. तेव्हा ती साडेतीनला एक महिना कमी होती. रात्री ती झोपल्यावर मी पसारा आवरत होते आणि दाराशी उभी असलेली तिची बाबागाडी मिटून ठेवताना सीटखालचं स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. कमाल वजन १५ किलो. गाडी घेऊन तीन वर्षं होत आली होती आणि त्या स्टिकरकडे माझं एकदाही लक्ष गेलं नव्हतं.

आणि गंमत नाही, त्याच्या आधी सहा-आठ महिने आमच्या घरात हाच विषय चालू होता, की हिची गाडी आता बंद करायची का. सासूबाई म्हणायच्या दोन वर्षांनंतर गाडी लागतेच कशाला, माझी आई म्हणायची असू दे गं चालेल तेव्हा चालेल, नवरा म्हणायचा गाडी आहे म्हणून आपण बाहेर तरी पडतो. मी रात्री फोनवर शोधत बसायचे, कुणी तीन वर्षं सांगतं कुणी पाच, आणि वाचून झालं की मी होते तिथंच. स्टिकरने निदान एक सरळ उत्तर दिलं. बऱ्याच साध्या, हलक्या गाड्यांची मर्यादा १५ किलोच असते आणि वाढीच्या तक्त्यात बघितलं तर मुली साधारण साडेतीनच्या सुमाराला १५ किलोला पोचतात, मुलगे त्याच्या जरा आधी. आता २२ किलोपर्यंतच्या गाड्याही मिळतात, म्हणजे गाडी बदलली की प्रश्न परत तिथंच. तुमच्याकडे गाडी असेल तर आज ते स्टिकर वाचाच, ब्रेक आणि चाकं त्या वजनाच्या हिशोबाने बनवलेली असतात.

पण मला जे सांगायचंय ते वजनाचं नाहीये. आम्ही गाडी एकदा नको तिथं नेली, एकदा हवी तिथं नेली नाही, आणि एका ठिकाणी फार जास्त वापरली. तिन्ही वेळा चूक आमची होती आणि भांडत मात्र आम्ही लेकीच्या वयाबद्दल होतो.

पहिली वेळ माथेरानची. ती पावणेदोन-दोन वर्षांची, मे महिना. माथेरानला गाड्या दस्तुरीपर्यंतच जातात हे माहिती होतं, पुढे छोट्या आगगाडीची शटल आहे हेही माहिती होतं, पण अमन लॉज स्टेशनला शटलची रांग बघितली आणि म्हटलं चला चालत जाऊ, बाबागाडी आहेच की. ज्यांनी माथेरानची लाल माती पाहिलीये त्यांना पुढचं सांगायला नको. जांभ्याचे दगड वर आलेले, झाडांची मुळं, घोड्यांनी उकरलेली धूळ, आणि आमच्या गाडीची पुढची चाकं वाटीएवढी, प्लॅस्टिकची, सगळीकडे फिरणारी. शंभर पावलंही गेलो नसू, ती आडवी होऊन रुतायला लागली. शेवटी लेक बाबाच्या कडेवर, मिटलेली गाडी माझ्या खांद्याला आणि बॅगा हमालाकडे, असे आम्ही हॉटेलवर पोचलो. दोन दिवस गाडी खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. लेक मात्र त्या धुळीत मनसोक्त चालली.

दुसरी वेळ सांगायला मला जरा जड जातं. लेकीला तीन वर्षं व्हायला दोन महिने होते आणि घरातलं लग्न होतं, हॉलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत. तिला दुपारी झोप आली म्हणून मी तिला गाडीत झोपवून एका कोपऱ्यात पंख्याखाली ठेवलं. नात्यातल्या एक मावशी आल्या, वाकून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं बाई, एवढी घोडी झाली तरी गाडीत? पाय आहेत ना तिला?" मी काहीच बोलले नाही. संध्याकाळी वरात आली, बेंजो चालू होता, आणि पाच वर्षांचा तरी असेल असा एक मुलगा बापाच्या खांद्यावर बसून वरात बघत होता. त्याच मावशी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघ कसा राजासारखा बसलाय!" आणि खरंच तो गोडच दिसत होता, त्यांचं ते बोलणंही मनापासून होतं.

मला ते दोन्ही बोलणं अजून आठवतं. पाच वर्षांचं पोर खांद्यावर बसलं की राजा आणि तीन वर्षांचं गाडीत झोपलं की लाडावलेलं. दोघंही दमलेलीच ना, दोघांचेही पाय जमिनीवर नव्हते. जत्रेत जा, गणपती बघायला जा, कुणाच्या ना कुणाच्या कडेवर खांद्यावर चार-पाच वर्षांची पोरं दिसतात आणि कुणी त्या बापाला म्हणत नाही की आता सवय मोड. माणसाच्या अंगावर बसलेलं मूल आपल्याला माया वाटते, चाकावर बसलेलं मूल आळस वाटतो. मी लहान असताना आजोळच्या जत्रेला जायचो तेव्हा बरोबर आजोबा, दोन मामा, एक मावशी, शेजारची दादा मंडळी असायची, एकाचा खांदा दुखला की दुसरा तयार. आई म्हणते तुला आम्ही कधी गाडीत घातलं नाही, ते खरंय, पण तुला उचलायला सहा माणसं होती हेही खरंय. आज आम्ही बाहेर पडतो ते दोघंच, त्यातल्या एकाच्या पाठीवर बॅग असते. गाडी ही आमच्यासाठी तिसऱ्या माणसाची कड आहे, हे मला तेव्हा मावशींना नीट सांगता आलं नाही.

उलट मी ते बोलणं मनाला लावून घेतलं. पुढच्याच महिन्यात राणीच्या बागेत जायचं ठरलं आणि मी म्हटलं, गाडी न्यायची नाही, चालेल ती. डोंबिवलीहून निघालो, रविवार, त्यात मेगाब्लॉक, भायखळ्याला उतरेपर्यंतच ती कंटाळली होती. तरी बागेत शिरल्यावर खूष. पेंग्विनच्या काचेसमोर तर ती नाकच लावून उभी राहिली, २०१६ साली कोरियाहून आणलेल्या पेंग्विनची पिल्लं इथं मुंबईतच जन्मली हे तिला सांगितलं तर म्हणाली म्हणजे ती मराठी बोलतात का. मग आम्ही ठरवल्याप्रमाणे पुढे निघालो, वाघ, अस्वल, पक्षी, सगळं बघायचंच कारण एवढ्या लांबून आलोय. बाग पन्नास एकरांच्या वर आहे. मोठ्या माणसाला ती एक फेरी आहे, पण लहान मूल काही रस्त्याने सरळ चालत नाही ना, ते या झाडापाशी जातं, परत येतं, मुंगळा बघतं, पळत पुढे जातं, बाबा मागे राहिला म्हणून परत मागे येतं. आपली एक फेरी होईपर्यंत त्याच्या दोन-तीन झालेल्या असतात आणि पायही आपल्या निम्मे. दीडच्या सुमाराला ती रस्त्यातच बसली. ओरडली नाही, हट्ट नाही, नुसती बसली आणि म्हणाली, "माझे पाय संपले."

तिला घेऊन तिचा बाबा भायखळा स्टेशनपर्यंत आला, पूल चढला, लोकलला गर्दी, उभ्याने डोंबिवली. १४ किलोचं झोपलेलं मूल जागं असलेल्या मुलापेक्षा जास्त जड लागतं, ज्याने उचललंय त्यालाच कळेल. तिची एक चप्पल वाटेत कुठेतरी पडली, आम्हाला पत्ताच नाही. रात्री झोपेत ती पाय झाडत होती, मी किती तरी वेळ पोटऱ्या चोळत बसले होते. राणीच्या बागेसारखी सपाट, सावलीची, बाबागाडी सरळ ढकलता येईल अशी जागा आणि तिथंच मी गाडी घरी ठेवून गेले होते. कुणीतरी काहीतरी म्हणालं म्हणून.

आता तिसरं, आणि यात मावशींचं म्हणणं थोडं बरोबर निघतं. लेक अडीच वर्षांची झाल्यापासून आमचा रविवारचा ठरलेला कार्यक्रम म्हणजे ठाण्याचा मॉल. आमच्या इथं फुटपाथवर दुकानं आणि बाइक, त्यामुळे घराजवळ बाबागाडी अशी चालवताच येत नाही, गाडी खऱ्या अर्थाने वापरायची जागा म्हणजे मॉल. गुळगुळीत फरशी, एसी, लिफ्ट. तिला पट्टा लावून बसवायचं, खालच्या टोपलीत पिशव्या, आणि आम्ही दोघं निवांत तीन तास. ती म्हणायची "खाली, खाली", मी म्हणायचे थांब एवढं झालं की. मग पुन्हा "खाली". मग मी तिच्या हातात मोबाईल द्यायचे. ती गप्प व्हायची आणि मला वाटायचं चला, जमलं.

ते जमलेलं नव्हतं. ती दमली होती म्हणून मी तिला गाडीत ठेवलं नव्हतं, मला पटापट दुकानं करायची होती म्हणून ठेवलं होतं. माझ्या घाईसाठी मी तिला बांधून ठेवत होते, हे वाक्य लिहिताना आत्ताही पोटात कसंतरी होतं, पण आहे ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्यात, त्यात स्पष्ट म्हटलंय की मुलाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीला बांधून एका वेळी तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नका. आणि वर्षाच्या पुढच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, तीन वर्षांनंतर त्यातली तासभर तरी चांगली दम लागेल अशी. आमचा रविवार याच्या बरोबर उलटा चालला होता.

स्टिकर वाचलं त्या रात्री हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि मला वाटतं तेव्हा मला पहिल्यांदा नीट प्रश्न सापडला. किती वर्षांची झाली हा तो नव्हताच. आत्ता ती गाडीत बसलीये ती तिचे पाय संपलेत म्हणून, की माझा वेळ संपलाय म्हणून? पाय संपले असतील तर बसू दे, तीन असो नाहीतर चार. माझा वेळ संपला असेल तर कार्यक्रम छोटा करायचा.

सांगायला सोपं आहे पण करताना कार्यक्रम छोटा करणं हेच सगळ्यात अवघड गेलं, आम्हाला, तिला नाही. मी एकदा मुद्दाम घड्याळ लावलं होतं, आमच्या सोसायटीच्या गेटपासून भाजीवाल्यापर्यंत मला ६ मिनिटं लागतात, तिच्याबरोबर २५. हे २५ धरूनच निघायचं असं ठरवलं. राणीच्या बागेत परत गेलो ते उघडल्या उघडल्या, फक्त पेंग्विन आणि पक्षी, जेवायच्या आत बाहेर. नवऱ्याला हळहळ वाटली की वाघ राहिला. राहिला तर राहिला, वाघ काही कुठे जात नाहीये. (बुधवारी बाग बंद असते, आमच्यासारखं एकदा दारातून परत येऊ नका.)

गाडी लगेच बंद नाही केली, पण वजन मर्यादेच्या जरा वर गेलं होतं तेव्हा तिला बसवायचं कमी कमी करत आणलं. आधी गाडीत पिशव्या आणि लेक ढकलणार, हे तिला प्रचंड आवडलं, जुन्या लाकडी पांगुळगाड्याला धरून बाळं जशी ऐटीत चालायची तशीच ती चालायची फक्त मोठी आवृत्ती. (पांगुळगाडा म्हणजे मागे उभं राहून ढकलायचा तो, आत बसवून सोडून द्यायचा वॉकर नाही. वॉकर घेऊच नका, कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीये, मुलं त्यातून जिन्यावरून पडतात.) मग मुक्कामाच्या प्रवासाला फक्त गाडी, जवळच्या फिरण्याला नाही. मग घरून निघताना तिलाच विचारायचं, आज गाडी न्यायची का. महिनाभर ती हो म्हणाली, नंतर कधी हो कधी नाही, आणि दिवाळीच्या आधी एकदा म्हणाली, "नको, ती आपल्याला उचलायला लागते." आमच्या घरात लिफ्ट नाही, तिसरा मजला, तिने ते बघितलेलं होतं.

उचलण्यावरून आठवलं. ही छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी पहिल्यांदा बनवली ओवेन मॅक्लारेन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने, १९६५ साली. हा माणूस विमानांचं काम करणारा, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्याने काम केलेलं. त्याची मुलगी नातीला घेऊन परदेशातून आली तेव्हा ती जुनी अवजड प्रॅम घेऊन प्रवासात तिची किती ओढाताण होते हे त्याने बघितलं आणि अॅल्युमिनियमची, तीन किलोपेक्षा कमी वजनाची, पटकन मिटणारी गाडी केली. मला हे वाचून बरं वाटलं. एका आजोबाने लेकीचे हाल बघून केलेली वस्तू आहे ती. आमची साडेसात किलोची आहे, डोंबिवलीचा पूल चढताना त्या आजोबांची आठवण येते.

काही गोष्टी अनुभवाने पक्क्या झाल्यात त्या सांगून टाकते. गणपतीच्या गर्दीत, जत्रेत गाडी अजिबात नको, मूल लोकांच्या गुडघ्यांच्या उंचीला येतं, त्याला नुसते पाय आणि पिशव्या दिसतात, आणि लोंढा आला तर तुम्ही गाडी वळवू शकत नाही. एस्कलेटरवर मूल बसलेली गाडी कधीच नाही, लिफ्टला पाच मिनिटं थांबा. प्लॅटफॉर्मवर गाडी रुळांकडे तोंड करून उभी करायची नाही, रुळांना समांतर ठेवायची आणि ब्रेक लावून एक हात तिच्यावरच. गाडीवर पातळ ओढणी टाकून ऊन अडवायचं आम्हीपण करायचो, करू नका, आत हवा कोंडून भट्टी होते.

आणि एक फार महत्त्वाचं. राणीच्या बागेतच दुसऱ्या वेळी बाकावर एक बाई भेटली, तिचा मुलगा सहा वर्षांचा, मोठ्या गाडीत बसलेला, कानावर हेडफोन. मी काही विचारलं नाही, तिनेच सांगितलं की त्याला गर्दी आणि आवाज सहन होत नाही, तो एकदम हात सोडून पळतो, गाडीत असला की त्याला सुरक्षित वाटतं आणि म्हणून ती त्याला घेऊन बागेत येऊ शकते. नाहीतर ती दोघं घरातच. आणि मग हळू आवाजात म्हणाली, लोक बघतात हो. मी तिचा हात धरला फक्त. तेव्हापासून कुठलंही मोठं मूल गाडीत दिसलं की मी दुसरीकडे बघते किंवा त्या मुलाकडे बघून हसते. तुम्हालाही विनंती आहे, कृपा करून बोलू नका. त्या मुलाच्या पायात काय आहे, डोक्यात काय चाललंय, रात्री झोपलंय का, आपल्याला काहीही माहिती नसतं.

स्वतःच्या मुलाचं मात्र लक्ष ठेवा. दीड वर्ष झालं तरी मूल आपलं आपण चालत नसेल, किंवा चांगलं चालणारं मूल अचानक चालायला नको म्हणायला लागलं, लंगडायला लागलं, सारखं पडायला लागलं तर तो आळस नसतो, डॉक्टरांना दाखवा. गाडीची सवय लागली असेल म्हणून महिने घालवू नका.

या दिवाळीच्या सुट्टीत परत माथेरानला गेलो. लेक सव्वाचार वर्षांची, गाडी घरी. दस्तुरीला उतरलो, या वेळी शटलच्या रांगेत शांतपणे उभे राहिलो, वेळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून शार्लोट लेकला निघालो, मोठ्यांना अर्धा-पाऊण तास लागतो, आम्हाला दोन तास लागले. माकडं, घोडे, एक चिक्कीचं दुकान, प्रत्येक बाकावर बसून बघणं, लाल दगड खिशात भरणं. एको पॉइंटला जाऊन तिने स्वतःचं नाव ओरडून घेतलं, मग बाबाचं, मग माझं. परत येताना निम्म्या वाटेत थांबली आणि दोन्ही हात वर केले, "बाबा, पाय संपले." त्याने बॅग माझ्याकडे दिली आणि तिला खांद्यावर घेतलं. तिचे धुळीने लाल झालेले बूट त्याच्या पांढऱ्या शर्टवर घासत होते, तिने त्याचे केस दोन्ही मुठीत धरले होते. समोरून आलेल्या एक आजी हसून म्हणाल्या, "मज्जा आहे बाई तुझी!"

माझ्या वहिनीला आता आठवा महिना लागलाय. गाडी तिच्याकडे द्यायचीये म्हणून काल कव्हर काढून धुतलं, गच्चीवर वाळत घातलंय. टोपलीच्या तळाशी एक पेंग्विनच्या चित्राचा फुगा आणि चार लाल खडे निघाले, पहिल्या माथेरानचे असणार. लेकीने खडे काढून घेतले, फुगा बाळाला ठेवायचा म्हणाली. स्टिकर फाटत आलंय, त्यावरचा १५ मी मार्करने परत ठळक करणार आहे. पुढचं डावं चाक कुरकुरतं, त्याला तेल घालायचं राहिलंय.